दीर्घसूत्री जॉन्सन

मनुष्याच्या हातून व्हावयाच्या कामांचे वर्ग अनेक प्रकारांनी पाडता येतील. परंतु ज्याचा प्रत्यय व्यवहारात पदोपदी येतो असा भेद एकच आहे. काही कामांना मुदत असते, काहींना ती नसते. सरकारी कराचा भरणा, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, आगगाडीची वेळ, मासिकाच्या संपादकांना कबूल केलेला लेख, ही पहिल्या वर्गातील कामे होत. ती आपण कुरकुरत का होईना, पण करतो. कारण ती न केल्यास दुसरा कोणी तरी आपणांस जाब विचारणार असतो. दुसऱ्या वर्गातील कामांची गोष्ट निराळी. वडिलांच्या कागदपत्रांची व्यवस्था लावणे, जुन्या गुरुजींना पत्र लिहिणे, दुरावलेल्या भावाच्या घरी एकदा जाऊन येणे, वीस वर्षे मनात घोळत असलेल्या ग्रंथाचे पहिले पान लिहिणे, यांपैकी कशालाच तारीख नसते. ती आज केली नाहीत तर दंड नाही. उद्या केली नाहीत तर बोभाटा नाही. तथापि आयुष्याचा जमाखर्च मांडावयास बसले असता वेळेवर उरकलेल्या कामांची आठवण क्वचितच होते. राहून गेलेली ही बेमुदत कामेच तेवढी पुढे येऊन उभी राहतात.

आपल्याकडे या दोषास दीर्घसूत्रता असे नाव आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. संकटाची चाहूल लागताच पहिला तळे सोडून जातो, दुसरा ऐन वेळी युक्तीने जीव वाचवितो, आणि तिसरा, ज्याचे नावच दीर्घसूत्र, तो कोळ्यांच्या हाती सापडून मरतो. गोष्ट मार्मिक आहे, यात संशय नाही. परंतु त्या तळ्यावर कोळी आले तरी! ज्या तळ्यावर कोळी कधी येणार हे कोणासच ठाऊक नाही, तेथील माशाने काय करावे, हा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही. याहून खोल असे निरीक्षण गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडते. तेथे तामस कर्त्याच्या लक्षणांत आळशी मनुष्य निराळा सांगितला आहे आणि दीर्घसूत्री निराळा. आणि दीर्घसूत्री या शब्दाच्या अगदी शेजारी 'विषादी' हा शब्द बसविला आहे. आज किंवा उद्या करावयाचे काम जो महिन्यानेही करीत नाही तो दीर्घसूत्री, असा खुलासा शंकराचार्यांनी केला आहे. आळशी मनुष्य बहुधा सुखात असतो. दीर्घसूत्री मनुष्य कधीच सुखात नसतो. न केलेले काम त्याच्या उशाशी बसलेले असते.

हा विषाद आणि ही दिरंगाई एकाच पुरुषाच्या ठिकाणी किती थोर रूपाने नांदू शकतात हे पाहावयाचे असेल, तर सॅम्युएल जॉन्सनकडे वळावे. मराठी वाचकास हा ग्रंथकार परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याचे विस्तृत चरित्र लिहिले. आणि कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेले त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले. आपल्याकडे जॉन्सनची जी मूर्ती रूढ झाली ती प्रचंड उद्योगी पुरुषाची: १७५५ साली इंग्रजी भाषेचा कोश सिद्ध करणाऱ्याची, राजाश्रयावाचून लेखणीवर पोट भरणाऱ्याची. ती मूर्ती खोटी नाही; पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मूर्ती पाहिल्यावाचून त्याच्या दिरंगाईवरील प्रसिद्ध निबंधाचे खरे मोल कळावयाचे नाही, असे मला वाटते. आणि त्याच निबंधाचे परीक्षण करण्याचा येथे विचार आहे.

हा निबंध 'रॅम्बलर' या पत्राचा १३४ वा अंक होय. तो शनिवार, २९ जून १७५१ रोजी प्रसिद्ध झाला. 'रॅम्बलर' आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शनिवारी निघे. मार्च १७५० पासून मार्च १७५२ पर्यंत त्याचे २०८ अंक निघाले, आणि थोडे अपवाद सोडता ते सर्व एकट्या जॉन्सनने लिहिले. या अंकाविषयी मिसेस पिओझीने एक आख्यायिका सांगितली आहे. छापखान्याचा पोऱ्या दारात खोळंबला असता जॉन्सनने हा निबंध सर जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराच्या दिवाणखान्यात घाईघाईने लिहून दिला, अशी ती कथा. तिच्यातील दिवाणखाना खरा असणे शक्य नाही, कारण त्या सुमारास रेनॉल्ड्स इटालीत होता. परंतु पोऱ्या मात्र खरा असावा. निबंधाच्या आरंभी जॉन्सन स्वतःच कबूल करतो की, आज कोणत्या विषयावर लिहावे याचा खल करीत आपण बसलो, मन एका विषयावरून दुसऱ्यावर भटकत राहिले, आणि शेवटी छापखान्याचे बोलावणे आले तेव्हा हाच विषय घेणे भाग पडले. दिरंगाईवरील निबंध दिरंगाईतून जन्मास आला, आणि ही गोष्ट लेखकाने लपविली नाही. या प्रामाणिकपणामुळे वाचकाचा विश्वास पहिल्याच परिच्छेदात संपादन केला जातो.

पुढील विवेचनात जॉन्सन मनुष्यस्वभावाच्या तळाशी जातो. काम दुरून पाहिले म्हणजे त्याचे कष्ट आपण कल्पनेने वाढवितो. आणि ते लांबणीवर टाकले म्हणून मनास शांतता लाभते असेही नाही, कारण ज्याच्यापासून पळावे ते सतत डोळ्यांसमोर राहते. इतके तर कोणीही नीतिकार सांगेल. निबंधाचा खरा कस त्याच्या उत्तरार्धात लागतो. दिरंगाई केवळ जड बुद्धीच्या लोकांतच असते असे नाही, तर चपळ बुद्धीचे लोकही तिला कसे बळी पडतात, हे तेथे त्याने दाखविले आहे. एकाला अनेक गोष्टी एकदम हव्याशा वाटतात, म्हणून तो कोणतीच धरीत नाही. दुसऱ्याला साध्य एकच असते, पण त्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक दिसतात, आणि वाटांची तुलना करण्यातच दिवस मावळतो. तिसऱ्याची दृष्टी इतकी दूरवर जाते की, दर वेळी त्याला आपल्या बेतात नवी सुधारणा सुचते. तो बेतावर बेत रचीत जातो आणि अखेर स्वतःच्याच योजनेच्या जाळ्यात गुरफटतो. घरासाठी जागा घेताना सर्व स्थळांची सर्व शोभा एकाच ठिकाणी मिळावी असा ज्याचा आग्रह, त्याचा जन्म गावोगाव हिंडण्यातच जावयाचा. हा मनुष्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ग्रंथासाठी टिपणांच्या वह्यांमागून वह्या भरणारा आणि प्रस्तावनेचे पहिले वाक्यही न लिहिणारा विद्वान आमच्या महाविद्यालयांतून दुर्मिळ नाही.

इतके असूनही या निबंधात एक मोठी उणीव आहे. मुदतीचे काम आणि बेमुदत काम हा भेद जॉन्सनने केलेलाच नाही. तो सर्व कामांना एकाच मापाने मोजतो, आणि उपाय म्हणून शेवटी मृत्यूचे स्मरण करून देतो: आयुष्य लांब असू शकत नाही, आणि ते अपेक्षेहून आखूड असण्याचाच संभव अधिक; म्हणून आरंभ करावा. हा उपदेश खरा आहे, पण तो लागू पडत नाही. मृत्यूचे स्मरण मनुष्याला एका संध्याकाळपुरते गंभीर करते. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल येते आणि तो पुन्हा पूर्ववत होतो. वस्तुतः त्या निबंधाला जन्म मृत्यूच्या स्मरणाने दिला नाही, पोऱ्याने दिला. 'आयडलर' या त्याच्या पुढील लेखमालेविषयी अशीच एक हकीकत आहे. ऑक्सफर्डला असता त्याने लँग्टन या तरुण मित्रास विचारले की, टपाल निघावयास किती अवकाश आहे? अर्धा तास, असे उत्तर मिळताच तो तेथेच बसला आणि त्या वेळात लेख पुरा करून त्याने तो रवाना केला. म्हणजे पोऱ्या दारात असला, टपालाची पिशवी बंद होत असली, की हा पुरुष विजेसारखा चालतो. प्रश्न असा की, जेथे पोऱ्या येत नाही तेथे काय?

नुसती तारीख घातल्याने तरी काम होते का? तेही नाही. १७५६ साली जॉन्सनने शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादित आवृत्तीचे जाहीर पत्रक काढले, १७५७ च्या अखेरपर्यंत ग्रंथ देण्याचे वचन दिले आणि वर्गणीदारांचे पैसेही घेतले. ग्रंथ बाहेर पडला १७६५ साली! मध्यंतरी, १७६२ साली, चार्ल्स चर्चिल या कवीने त्याची जाहीर टवाळी केली, तेव्हा कोठे चक्रे हलू लागली असावीत. येथे मुदत होती, पैशाचे बंधन होते, लौकिकाचाही प्रश्न होता. पण वर्गणीदार लांब विखुरलेले होते, दारात कोणी उभे नव्हते. मुदतीचे सामर्थ्य तारखेत नसून वाट पाहणाऱ्या मनुष्यात असते, हा बोध यातून निघतो. आणि तो 'रॅम्बलर'च्या निबंधात नाही.

मग ज्या कामांची वाट पाहणारा कोणीच नसे, त्यांचे जॉन्सनने काय केले? याचे उत्तर त्याच्या खाजगी टिपणांत आहे. त्याच्या मरणानंतर, १७८५ साली, त्याच्या प्रार्थना व चिंतनिका छापल्या गेल्या. नववर्षारंभ, ईस्टर आणि स्वतःचा जन्मदिवस या प्रसंगी तो आत्मपरीक्षण करून संकल्प लिहून ठेवी: पहाटे उठावे, बायबल वाचावे, रोजनिशी ठेवावी, आळस टाकावा. वर्षे बदलतात; संकल्प तेच राहतात. १८ सप्टेंबर १७६४ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी झाली त्या दिवशी, त्याने लिहिले आहे की, आपली ही पंचावन्न वर्षे संकल्प करण्यातच गेली. आठवते तेव्हापासून आपण अधिक चांगल्या आयुष्याचे बेतच करीत आलो, आणि केले मात्र काहीच नाही. पुढल्या ईस्टरला त्याने ठरविले की, निदान आठ वाजता तरी उठावे; कारण ते लवकर नसले तरी हल्लीपेक्षा पुष्कळच लवकर होईल, हल्ली आपण पुष्कळदा दुपारी दोनपर्यंत पडून असतो. हे वाचून हसू येते. पण ते फार वेळ टिकत नाही. अख्ख्या राष्ट्राच्या भाषेला शिस्त लावणारा मनुष्य स्वतःच्या सकाळीला शिस्त लावू शकला नाही, आणि ते कबूल करताना त्याने स्वतःची गय केली नाही. दर वर्षी हरून पुन्हा त्याच वेदीपुढे येऊन उभे राहण्यात जी नम्रता आहे ती थोर आहे. परंतु नम्रता निराळी आणि कार्यसिद्धी निराळी.

आता 'रासेलस'कडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचे निदान तेथे अधिक स्पष्ट सापडते. या पुस्तकाचा जन्म एका राहून गेलेल्या कामापोटी आहे. जॉन्सनची वृद्ध आई लिचफील्ड येथे राहत असे. लंडनहून ते गाव सुमारे सव्वाशे मैल. १७४० च्या आरंभी तेथून निघाल्यापासून जवळजवळ एकोणीस वर्षे तो आईला भेटला नव्हता. पत्रे लिही, पैसे पाठवी. पण जाणे काही झाले नाही. आईला भेटण्याच्या कामाला कोणती मुदत असणार? जानेवारी १७५९ मध्ये ती मरणोन्मुख असल्याचे कळले. त्या आठवड्यातील शेवटच्या पत्रात त्याने आपल्या हातून जे वाईट झाले त्याची आणि जे चांगले करावयाचे राहून गेले त्याचीही क्षमा मागितली आहे. आई गेली, तिची भेट झाली नाही. तिच्या अंत्यविधीचा व देण्याघेण्याचा खर्च भागविण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहून काढले. एकोणीस वर्षांत जे जमले नाही आणि एका आठवड्यात जे जमले, त्या दोहोंमधील अंतर हाच आपला विषय आहे.

'रासेलस' ही एका हबशी राजपुत्राची कथा. सुखाच्या दरीत कोंडलेल्या या राजपुत्राला बाहेरचे जग पाहण्याची इच्छा होते. ती होताच तो दरीबाहेरच्या पराक्रमांची चित्रे रंगवू लागतो आणि त्यात वीस महिने निघून जातात. मग एके दिवशी त्याला वाया गेलेल्या काळाचे भान येते; तो हिशेब करतो, हळहळतो आणि यापुढे निरर्थक संकल्पांत वेळ दवडावयाचा नाही, असा संकल्प करण्यात आणखी चार महिने घालवितो! अखेर एक दासी हातातून पडून फुटलेल्या पेल्याविषयी सहज बोलून जाते की, जे सांधता येत नाही त्याची खंत करू नये; तेव्हा तो जागा होतो. संपूर्ण इंग्रजी वाङ्मयात दिरंगाईचे याहून अचूक वर्णन माझ्या वाचनात नाही. 'रॅम्बलर'मध्ये जॉन्सन न्यायासनावर बसून बोलतो, येथे तो आरोपीच्या पिंजऱ्यात आहे आणि स्मित करीत आहे. निबंधात जे हाती लागले नव्हते ते कथेत लागले: संकल्प हा दिरंगाईवरील उपाय नसून पुष्कळदा तिचेच सर्वांत सभ्य रूप असते. 'मी हे करणार' असे मनाशी म्हटल्याबरोबर काम केल्याचे अर्धे समाधान फुकट मिळते, आणि मग उरलेल्या अर्ध्यासाठी कोण कष्ट करतो? शोकाची गोष्ट एवढीच की, हे लिहिल्यानंतर पाच वर्षांनी त्याच लेखकाने पंचावन्न वर्षांच्या संकल्पांची ती नोंद केली. रोगाचे निदान केले म्हणून वैद्य बरा होत नाही.

येथे कोणी विचारील की, संकल्प नको तर कार्यारंभ व्हावा कसा? याचे उत्तर आपल्याच घरातील देव्हाऱ्यासमोर आहे. पूजेला बसलेला यजमान जो संकल्प सोडतो त्याची रचना आठवावी. त्यात देश आणि काल यांचा उच्चार आधी असतो: गोदावरीचा कोणता तीर, कोणता शक, कोणता संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र; मग स्वतःचे गोत्र व नाव; आणि मग एकच नेमके कर्म. हातावरचे पाणी ताम्हनात पडते आणि दुसऱ्याच क्षणी पूजेस आरंभ होतो. गंध, फुले, अक्षता आधीच मांडलेल्या असतात, शेजारी भटजी वाट पाहत असतात. 'यापुढे मी अधिक धार्मिक होईन' असा संकल्प कोणताही भटजी सांगणार नाही. जॉन्सनच्या संकल्पांत नेमका देशकाल नव्हता. ते एकेकटे नसून जुडीने येत, आणि त्यांना साक्षी देवाखेरीज कोणी नसे. देव दयाळू असल्यामुळे तो छापखान्याच्या पोऱ्याचे काम करीत नाही. नेमक्या देशकालाचे हे महत्त्व अर्वाचीन मानसशास्त्रानेही मान्य केले आहे. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन असा बेत बांधणारा मनुष्य नुसते 'करीन' म्हणणाऱ्यापेक्षा काम अधिक वेळा तडीस नेतो, असे पीटर गॉल्विट्झर या जर्मन पंडिताने १९९९ साली प्रयोगांच्या आधारे मांडले.

आणि जॉन्सनच्या आयुष्यात असा एक देशकालयुक्त संकल्प एकदा तरी सिद्धीस गेला. त्याचा बाप मायकेल हा पुस्तकविक्रेता. अटॉक्सेटर गावच्या बाजारात तो पुस्तकांचे दुकान मांडी. एकदा त्याने मुलाला तेथे सोबत येण्यास सांगितले आणि मुलाने अभिमानाने नकार दिला. बाप १७३१ साली वारला. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने म्हातारा, कीर्तिमंत जॉन्सन अटॉक्सेटरला गेला आणि जेथे बापाचे दुकान असे त्या जागी भर पावसात, डोके उघडे ठेवून बराच वेळ उभा राहिला. बॉस्वेलने ही हकीकत नोंदविली आहे. या प्रायश्चित्ताला कोणतीही मुदत नव्हती. ते कोणी मागितले नव्हते. ते घेणारा जगात उरला नव्हता. तरी ते झाले. का झाले? माझ्या मते, यासाठी की त्याने बापाविषयीचे कर्तव्य 'यापुढे' पार पाडण्याचे ठरविले नाही. एक गाव, एक जागा, एक घटका, आणि शरीराने करावयाची एकच कृती, एवढेच त्याने पत्करले. पन्नास वर्षांचे ओझे त्याने उभे राहता येईल एवढ्या जागेत आणून ठेवले.

त्याच्या चरित्रकाराचे उदाहरणही बोलके आहे. जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ रोजी वारला. मिसेस पिओझीच्या आठवणी १७८६ त आणि हॉकिन्सचे चरित्र १७८७ त बाहेर पडले. बॉस्वेलचा ग्रंथ मात्र १७९१ पर्यंत रखडला. बॉस्वेल मनाने चंचल, मद्याचा आणि मेजवान्यांचा शौकी, वारंवार खिन्नतेने ग्रासलेला. हा मनुष्य एवढा ग्रंथ पुरा करू शकला याचे श्रेय बऱ्याच अंशी एडमंड मॅलोन या विद्वान मित्रास आहे. बॉस्वेलने लिहिलेले घेऊन त्याच्या घरी जावे, दोघांनी बसून वाचावे, सुधारावे, असा क्रम चालला. मॅलोनने त्याला उपदेशाचा डोस पाजला म्हणून ग्रंथ झाला नाही; तो संध्याकाळी घरी वाट पाहत होता म्हणून झाला.

जॉन्सनवर टीका करावयाची तर स्वतःला वगळणे बरे नव्हे. माझ्या आजोबांची मोडीतील पत्रे एका पेटीत होती. मला मोडी येत नसे. आत्याला ती उत्तम वाचता येई. सवडीने तिच्याजवळ बसून सर्व पत्रे वाचून घ्यावी, असा माझा संकल्प होता. उन्हाळ्याच्या सुटीत बसू, दिवाळीत बसू, असे म्हणता म्हणता आठ वर्षे गेली, आणि आत्याही गेली. त्यानंतर मी मोडी शिकलो. आधी आडवी रेघ ओढून तिला लोंबकळत जाणारी ती वळणे, ऱ्हस्वदीर्घाचा भेद न मानणारी ती लेखणी, ही सारी पुस्तकावरून शिकता येतात. पण पत्रातील 'बापू' कोण, 'पलीकडल्या वाड्यातील मंडळी' कोणती, कोणाच्या आजारपणासाठी गूळ विकून पैसे धाडले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. लिपी मिळाली, माणसे गेली. बेमुदत म्हणून जे काम मी पुढे ढकलीत होतो त्याला मुदत होतीच. ती मला कळविण्यात आली नव्हती, एवढेच. आता दर रविवारी सकाळी, चहानंतर, खिडकीजवळच्या मेजावर मी एकच पान लावतो. दुपारी जेवताना पुतणी विचारते, "काका, आज पणजोबांनी काय लिहिलंय?" ज्या रविवारी सांगण्यासारखे काही नसते त्या रविवारी मला संकोच वाटतो. छापखान्याचा पोऱ्या तो हाच.

तात्पर्य, 'रॅम्बलर'चा १३४ वा अंक एकटा वाचू नये. तो वाचावा, त्याला लागून 'रासेलस'चा चौथा अध्याय वाचावा, आणि मग १७६४ ची ती नोंद पाहावी. पहिल्यात दिरंगाईची मीमांसा आहे, दुसऱ्यात तिचा उपहास आहे, तिसऱ्यात तिची वेदना आहे. आणि तिन्ही मिळून जे होत नाही ते अटॉक्सेटरच्या पावसात झाले आहे. निबंधाच्या शेवटी जॉन्सन म्हणतो त्याचा आशय असा की, प्रामाणिक उद्योगात गुंतला असता ज्याला मरण गाठते तो निदान आपल्या जागी लढताना पडतो. जय मिळाला नाही तरी लढाई त्याने केलेली असते. हे खरे आहे. मात्र यात एक भर घालावीशी वाटते. लढाईच्या जागी जाऊन उभे राहण्यास फार मोठे शौर्य लागते असे नाही. कोणत्या जागी आणि कोणत्या दिवशी, हे ठरविलेले असावे लागते, आणि तेथे आपली वाट पाहणारे एखादे माणूस असावे लागते. कृष्णशास्त्र्यांनी हाती घेऊन सोडलेले 'रासेलस' पुरे करावयास घरातच एक मुलगा होता. प्रत्येकाच्या घरी विष्णुशास्त्री जन्मास येत नाही. म्हणून आपले काम आपणच, आणि वाट पाहणारे माणूस हयात आहे तोवर, हाती घेतलेले बरे.